पुढचं विमान उद्या

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे सगळे ज्याला डीजीसीए म्हणतात ते कार्यालय, त्याच्या नियमावलीत एक छोटासा तक्ता आहे. विमान रद्द झालं आणि प्रवाशाला वेळेत कळवलं नाही, तर कंपनीनं किती पैसे द्यायचे, याचा. उड्डाण एका तासापर्यंतचं असेल तर ५००० रुपये, एक ते दोन तासांचं असेल तर ७५००, त्याहून लांबचं असेल तर १०,०००. त्याखाली एक अट. एकेरी प्रवासाचं मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांची बेरीज या आकड्यापेक्षा कमी भरत असेल, तर ती कमी रक्कम द्यायची.

हा तक्ता औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळाच्या बाकावर बसून वाचून पाहावा. इथून मुंबई तासाभराच्या आसपास. त्यामुळे इथला मुंबईचा प्रवासी तक्त्यात पहिल्या नाहीतर दुसऱ्या ओळीत बसतो. दिल्ली-मुंबई प्रवास करणारा तिसऱ्या ओळीत. आता दोघांचंही विमान सकाळी रद्द झालं असं धरा. दिल्लीच्या माणसाला मुंबईला जायला दिवसभर विमानंच विमानं आहेत, आज या नाही तर त्या कंपनीचं. चिकलठाण्याच्या माणसाला फारतर संध्याकाळचं एखादं, तेही भरलेलं. नाहीतर काउंटरवरून उत्तर येतं, ‘पुढचं विमान उद्या, सर.’ मग समृद्धी महामार्गावरून टॅक्सी, नाहीतर रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस. ज्याची पंचाईत मोठी त्याची भरपाई लहान. नियम लिहिणाऱ्याच्या मनात काही वाकडं होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांपुढे मोठा विमानतळ होता, इतकंच.

या विमानतळाची वाटचाल सांगायची तर धावपट्टीची लांबी, इमारतीचं क्षेत्रफळ आणि उद्घाटनांच्या कोनशिला यांच्या आधारानं सांगता येते. तशी ती अनेकदा सांगून झाली आहे. इथे ती बाकावरून सांगायची आहे, हातात बोर्डिंग पास घेऊन ताटकळलेल्या माणसाच्या बाजूनं. त्या बाजूनं पाहिलं की उद्घाटनांपेक्षा बंद पडलेल्या गोष्टी जास्त दिसतात.

गावाला विमान मिळालं ते अजिंठा-वेरूळच्या पुण्याईनं. १९५३ साली देशातल्या खाजगी विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि देशांतर्गत आकाश इंडियन एअरलाइन्सच्या ताब्यात गेलं. पुढची चार दशकं दुसरं दुकान नव्हतं. परदेशी पर्यटक दिल्लीत उतरायचा, जयपूर आणि उदयपूर पाहायचा, औरंगाबादला येऊन लेणी पाहायचा आणि मुंबईहून परत जायचा. त्याच्या या फेरीवर बेतलेलं विमानही तसंच होतं. दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई. एका दोरीत ओवलेले मणी. युनेस्कोनं १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ दोन्ही जागतिक वारसा यादीत घेतले, त्यानं ही दोरी आणखी पक्की झाली.

सोय चांगली होती, पण तिची गाठ अशी की दिल्लीतलं धुकं, जयपूरची तांत्रिक अडचण, उदयपूरचा उशीर, सगळं वाहत वाहत चिकलठाण्याला यायचं. वर आभाळ निरभ्र, ऊन रखरखीत आणि विमानाचा पत्ता नाही. आजही हिवाळ्यात हे होतं. डिसेंबर-जानेवारीत चिकलठाण्यावर धुक्याचा मागमूस नसताना ‘खराब हवामानामुळे विलंब’ अशी पाटी लागते, तेव्हा नवखा प्रवासी खिडकीतून बाहेर बघतो आणि चक्रावतो. हवामान खराब असतं ते दिल्लीचं.

इंडियन एअरलाइन्सच्या त्या काळात तक्रार म्हणजे तक्रारवही. एसटी स्टँडवर ‘तक्रारवही मागितल्यास मिळेल’ असं लिहिलेलं असायचं, तसाच कारभार. मागणाऱ्याला ती मिळायची, त्यात तो सुवाच्य अक्षरात दोन पानं लिहायचा, खाली सही आणि पत्ता, आणि महिना-दीड महिन्यानं ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’ असं एक पत्र यायचं. सरकारी मक्तेदारीपुढे भांडायचं म्हणजे भिंतीशी भांडायचं, हे सगळ्यांनी मान्यच केलं होतं. विमानानं जाणारे होते तरी किती? कारखान्यांचे अधिकारी, वकील, पुढारी, पर्यटक. वाळूजला बजाज ऑटो आली, चिकलठाण्याची एमआयडीसी भरत गेली, मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८१ पासून शहरात बसू लागलं, तसा हा वर्ग वाढला. मुंबईला सकाळी जाऊन रात्री परत येणं ही त्याची गरज झाली. या गावची विमानाबद्दलची मूळ मागणी तीच आहे आणि अजूनही तीच आहे. सकाळी न्या, रात्री आणून सोडा.

मग १९९३ आलं.

२६ एप्रिल १९९३. उदयपूरकडून आलेलं इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईला निघालं. आत ११८ माणसं. विमान उंच व्हायला उशीर झाला. धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक त्या ट्रकवर आदळलं, पुढे ते विजेच्या उच्चदाब तारांना घासलं आणि कोसळलं. ५५ माणसं गेली. चौकशी न्यायालयानं दोन कारणं दिली. वैमानिकांनी विमान उचलायला केलेला उशीर आणि त्याची चुकीची पद्धत, हे एक. विमानाच्या वेळेला बीड रस्त्यावरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणानं रोखली नाही, हे दुसरं. या दुसऱ्या कारणापाशी मी नेहमी थबकतो. विमान, वैमानिक, यंत्रं सगळं बाजूला ठेवा. रेल्वे फाटकाला जसा माणूस असतो तसा एक माणूस, एक दांडा आणि विमानाचं वेळापत्रक एवढ्यावर तो ट्रक थांबला असता. सेवेतली त्रुटी हा शब्द पुढे ग्राहक न्यायालयांत हरवलेल्या बॅगांसाठी आणि थंडगार सामोशांसाठी वापरून गुळगुळीत झाला. त्याचा खरा वजनदार अर्थ या गावाला आधीच कळून चुकला होता.

त्या अपघातानंतर नवव्या दिवशी, ५ मे १९९३ रोजी, जेट एअरवेजचं पहिलं विमान उडालं. देशातली मक्तेदारी प्रत्यक्षात मोडत चालली होती. कायद्यानं ती १९९४ च्या मार्चमध्ये मोडली, १९५३ चा कायदा रद्द होऊन. आणि १९९३ च्याच नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की सरकारी संस्था सेवा देत असेल तर तीही ग्राहक कायद्याला बांधील आहे, आणि अधिकाऱ्याच्या मुजोरीची भरपाई त्याच्या खिशातूनही वसूल करता येईल. एका वर्षात इतकं घडलं. भिंतीला दार पडलं, असं तेव्हा वाटलं.

त्या दाराच्या बिजागऱ्या मात्र महाराष्ट्रात आधीच बसवल्या गेल्या होत्या. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि घराघरांच्या गटांना महिन्याचा किराणा वाजवी भावात पोचवता पोचवता तिनं लोकांना बिल मागायला शिकवलं. ही गोष्ट विमानाच्या लेखात का, असं कुणी विचारेल. कारण तक्रार ही सवय आहे आणि ती तूरडाळीपासून लागते. डाळीत खडे निघाले तर दुकानदाराला परत करणारा माणूसच उद्या विमान कंपनीला नोटीस पाठवतो. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्यात ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत वाहतूक आली, जिल्ह्याजिल्ह्यात मंच आले, राज्य आयोगाचं परिक्रमा खंडपीठही शहरात बसू लागलं. वकील न लावता स्वतः उभं राहून बोलायची मुभा आली. जिल्हा मंचाची मर्यादा सुरुवातीला एक लाखाची होती. विमानाच्या तिकिटाच्या भांडणाला ती पुरेशी होती.

अडचण वेगळीच होती. तिकिटाच्या मागे, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, एक ओळ असायची. काही वाद झाल्यास तो अमुक शहराच्या न्यायालयातच चालेल. ते शहर बहुधा कंपनीचं मुख्यालय, दिल्ली किंवा मुंबई. तीन हजार रुपयांच्या भांडणासाठी दिल्लीला तारखा करायच्या म्हणजे नाकापेक्षा मोती जड. या ओळीबद्दल सर्वोच्च न्यायालय २०११ मध्ये बोललं. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीच्या धुक्यात एका स्वस्त विमान कंपनीचे प्रवासी तासन् तास विमानात बसून राहिले. हैदराबादला जाणाऱ्या एका प्रवाशानं तिथल्या स्थायी लोकअदालतीत दाद मागितली, त्याला भरपाई मिळाली, कंपनी वरपर्यंत गेली. न्यायालयानं तिकिटावरची ती ओळ अशा तक्रारींना आडवी येत नाही असं म्हटलं. स्वस्त तिकीट विकलं म्हणून अडकलेल्या प्रवाशाच्या किमान सोयीची जबाबदारी सुटत नाही, हेही सांगितलं. आणि मग त्या कंपनीनं चहा-पाणी, खाणं दिलं होतं, धुकं तिच्या हातात नव्हतं, म्हणून प्रवाशाला मिळालेली भरपाई रद्द केली. म्हणजे तत्त्व प्रवाशाचं, पैसे कंपनीचे. आपल्याकडच्या निकालांत ही वाटणी बऱ्याचदा दिसते.

दरम्यान चिकलठाण्यावर नवी इमारत झाली. नव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस उभी राहिलेली ही काचेची, उंच छताची इमारत पाहून पाहुणे अजूनही विचारतात, ‘इतका मोठा विमानतळ? मग विमानं कुठायत?’ हा प्रश्न गावाच्या जिव्हारी लागतो, कारण त्याला उत्तर नाही. धावपट्टी नऊ हजार फुटांहून लांब. ती आणखी वाढवायची, त्यासाठी मुकुंदवाडी, मूर्तिजापूर, चिकलठाण्याच्या जमिनी घ्यायच्या, हा विषय बैठकांमधून वर्षानुवर्षं फिरतो आहे. हज यात्रेची विमानं याच धावपट्टीवरून गेली, मराठवाड्यातल्या हजारो कुटुंबांनी म्हाताऱ्या आईवडिलांना याच दारात निरोप दिला. २०२३ मध्ये इथून जाणाऱ्या यात्रेकरूंना मुंबईहून जाणाऱ्यांपेक्षा हजारो रुपये जास्त भरावे लागणार असं दिसलं, तेव्हा पुन्हा तेच गणित समोर आलं. लहान गावातून उडणं महाग, आणि ते महाग का याचा जाब कुणाला विचारायचा ते ठरलेलं नाही.

नियमांचं पर्व सुरू झालं ते २०१० मध्ये. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून डीजीसीएची भरपाईची नियमावली लागू झाली. २०१६ च्या ऑगस्टपासून रकमा वाढल्या, सुरुवातीला दिलेला तक्ता तेव्हाचा. पक्कं तिकीट असूनही विमानात घेतलं नाही, म्हणजे कंपनीनं जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली आणि आपण बाहेर राहिलो, तर त्याचा हिशेब वेगळा. तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. चोवीस तासांत दिलं तर मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या दुप्पट, कमाल १०,०००. त्याहून उशिरा दिलं तर चौपट, कमाल २०,०००. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा नियम चिकलठाण्याच्या प्रवाशाच्या बाजूचा आहे. तासाभरात दुसरं विमान इथून देता येणंच शक्य नाही, त्यामुळे कंपनीला पळवाट उरत नाही. पण ज्याला बहिणीच्या लग्नाला पोचायचं आहे त्याला दुपटीचं काय करायचं?

जास्त तिकिटं विकण्याची ही चाल जुनीच, आणि जगभरची. अमेरिकेत ग्राहक चळवळीचा महामेरू राल्फ नेडर यालाच १९७२ मध्ये अॅलेघेनी एअरलाइन्सनं असं विमानाबाहेर ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या देशात नेमका हाच माणूस निवडावा, हे त्या कंपनीचं दुर्दैव. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आधी स्वखुशीनं कोण थांबतं ते विचारा, मग सक्ती करा, हा आज आपल्याही नियमांत असलेला शिष्टाचार त्या वादातून रुजला.

उशिराचे नियमही आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला की खाणं-पिणं द्यायचं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर दिसला की पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. मोठ्या खोळंब्यात हॉटेल. आणि या सगळ्यावर एक पांघरूण, असाधारण परिस्थिती. हवामान, संप, सुरक्षेचा प्रश्न, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण यात काही आलं तर भरपाई नाही. आता इथल्या मोबाइलवर येणारा संदेश आठवा, ‘ऑपरेशनल कारणामुळे’. या दोन शब्दांत पायलट नसणं येतं, विमान दुसऱ्या फायद्याच्या मार्गावर वळवणं येतं, आणि खरंखुरं वादळही येतं. बाकावरच्या माणसाला यातलं कोणतं हे कळायचा मार्ग नाही. माझ्या एका रद्द विमानाच्या वेळी मी कारण लेखी मागितलं. काउंटरवरची मुलगी, वय फारतर बावीस-तेवीस, हसून म्हणाली, ‘काका, मला पण तेवढंच माहितीये जेवढं तुमच्या मेसेजमध्ये आहे.’ ती खोटं बोलत नव्हती. कंपनीनं आपलं सगळं तोंड तिला दिलं होतं आणि कान मात्र दूरच्या कॉल सेंटरला.

या नियमावलीतली दोन कलमं या गावाला विशेष नडतात. पहिलं म्हणजे, तिकीट काढताना प्रवाशानं संपर्काचा नीट तपशील दिला नसेल तर भरपाई नाही. आपल्याकडे अजूनही कितीतरी तिकिटं एजंटाकडून निघतात आणि एजंट स्वतःचा मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. विमान रद्द झाल्याचा संदेश निराला बाजारातल्या दुकानात वाजतो, प्रवासी पहाटे पाचला केंब्रिज चौकाकडून रिक्षानं निघालेला असतो. कंपनी म्हणते, आम्ही कळवलं. तिकीट हातात आलं की त्यावरचा नंबर आपला आहे का एवढं पाहायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरं कलम जोडविमानाचं. पुढचं विमान चुकलं तर भरपाई मिळते, पण ते एकाच तिकिटावर असलं तर. मुलगा अमेरिकेत, मुलगी दुबईत, अशी घरं आता सिडकोत गल्लीगल्लीत आहेत. मुंबई-परदेश तिकीट मुलानं तिकडून काढलेलं असतं, चिकलठाणा-मुंबई इथून वेगळं निघतं, कारण तसं स्वस्त पडतं. सकाळचं विमान रद्द झालं की रात्रीचं परदेशी विमान जातं, आणि नियमाच्या नजरेत या दोन तिकिटांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. म्हणून सत्तरीचे आईवडील आदल्या दिवशीच गाडीनं निघतात आणि मुंबईत नातेवाइकांकडे रात्र काढतात.

तक्रार कुठे करायची याचं उत्तर २०१६ नंतर सोपं झालं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये विमान वाहतूक मंत्रालयानं एअरसेवा हे पोर्टल आणि अॅप सुरू केलं. आधी कंपनीचा नोडल अधिकारी, मग अपील अधिकारी, मग एअरसेवा, अशी चढण. विमानतळ असो, कंपनी असो, सुरक्षा असो, एकाच खिडकीत. तक्रारवहीपेक्षा हे शंभर पटींनी बरं, यात वाद नाही. डीजीसीए दर महिन्याला दहा हजार प्रवाशांमागे किती तक्रारी आल्या त्याचा आकडा काढतं, विमानाच्या अडचणी, सामान, परतावा, कर्मचाऱ्यांची वागणूक असे कप्पे पाडून. याच अहवालात विमानं वेळेवर किती सुटली याचाही आकडा असतो. तो मोजला जातो मोजक्या मोठ्या विमानतळांवर. दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद ही नावं त्यात कायमची. चिकलठाण्याचा उशीर त्या आकड्यात येत नाही. आपण ताटकळतो, पण हिशेबाबाहेर.

इथे मुद्द्यावर येतो. आतापर्यंत सांगितलेले सगळे नियम विमान उशिरा आलं, रद्द झालं, बॅग हरवली यासाठी आहेत. विमान कायमचंच गेलं तर? १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान उतरलं. सव्वीस वर्षांपूर्वी मक्तेदारीला धक्का देणारी हीच कंपनी. जेटच्या जाण्यानं इथली मुंबईची सोय आक्रसली, वेळापत्रकात मोजकीच उड्डाणं उरली. तिकिटं हातात असलेले प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, बँका पुढे आणि ते मागे. पुढे ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं कंपनी अवसायनात काढायला सांगितली. निदान त्यांना रांग तरी होती. ज्या शहराचं विमान गेलं त्याला रांगही नाही. मार्ग बंद झाला ही तक्रार एअरसेवाच्या कोणत्याच कप्प्यात बसत नाही, आणि ग्राहक आयोगात शहर तक्रारदार होऊ शकत नाही.

कायद्यानं यावर विचार केलाच नाही असं नाही. १९९४ च्या मार्चमध्ये मक्तेदारी संपताना सरकारनं मार्गांची वाटणी ठरवली. मोठ्या शहरांमधले फायद्याचे मार्ग पहिल्या गटात. ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान यांसारखे अवघड मार्ग दुसऱ्या गटात. बाकी सगळे तिसऱ्यात. पहिल्या गटात जितकी क्षमता वापराल तिच्या निम्मी तिसऱ्या गटात वापरा, अशी तेव्हाची अट होती. औरंगाबाद या ‘बाकी सगळ्यां’त. आता कंपनीनं नागपूर, इंदूर, कोचीला विमानं नेली तरी अट पुरी होते. ‘बाकी सगळ्यां’ना मिळून हक्क आहे, त्यातल्या एकट्या गावाला नाही. अमेरिकेनं १९७८ मध्ये विमान कंपन्यांना मोकळं सोडलं, तेव्हा लहान गावांची सेवा तुटू नये म्हणून वेगळी योजनाच आखली. आधीपासून सेवा असलेल्या गावातून शेवटची कंपनी निघणार असेल तर तिनं नव्वद दिवस आधी सूचना द्यायची, दुसरी सापडेपर्यंत थांबायचं, तोटा सरकार भरणार. लहान शहरांना विमानानं जोडणारी आपली उडान योजना २०१६ ची. तिच्या पहिल्या काही उड्डाणांत नांदेड-हैदराबाद होतं, ते ट्रूजेटचं. पण उडानचं अनुदान ठरावीक वर्षांचं. हैदराबादची हीच ट्रूजेट २०१५ पासून इथेही येत होती. मराठवाडा आणि हैदराबाद यांचं निजामकाळापासूनचं नातं, त्यामुळे त्या विमानाला माणसं मिळायची. २०२२ च्या सुरुवातीला तीही थांबली.

मग शहरानं स्वतःच तक्रारदार व्हायचं ठरवलं, असं म्हणायला हरकत नाही. मराठवाडा चेंबर, म्हणजे सीएमआयए, लघुउद्योजकांची मासिआ, पर्यटनवाले, हॉटेलवाले यांची शिष्टमंडळं दिल्लीला आणि मुंबईला कंपन्यांच्या दारात जाऊ लागली. किती प्रवासी मिळतील, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतून महिन्याला किती माणसं जातात, ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीत काय येणार आहे, याचे तक्ते घेऊन. गिऱ्हाईकानं दुकानदाराकडे जाऊन आपण गिऱ्हाईक असल्याचं सिद्ध करायचं, हा उलटा व्यवहार. तरी तो फळला. २०२० च्या फेब्रुवारीत इंडिगोची दिल्ली, मुंबई, हैदराबादची विमानं एकदम सुरू झाली. गावात पेढे वाटायचे बाकी होते. २५ मार्चला देशभरातली सगळी उड्डाणं बंद झाली.

कोरोनात कंपन्यांनी रद्द तिकिटांचे पैसे परत न देता ‘क्रेडिट शेल’ नावाच्या खात्यात अडकवून ठेवले. पैसे आमच्याकडे आहेत, पुढे कधीतरी उडा. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं परताव्याचा मार्ग घालून दिला आणि क्रेडिट शेलवर महिन्याला अर्धा ते पाऊण टक्का वाढही द्यायला लावली. त्याच वर्षी २० जुलैला नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला होता, आणि त्यातली एक तरतूद लहान गावांसाठी सोन्याची आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तो दावा करू शकतो. तिकिटामागच्या मुंगीच्या पावलांना आता कुणी विचारत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, मुदत दोन वर्षं. दिल्लीच्या कंपनीला आता छत्रपती संभाजीनगरच्या तारखेला उत्तर द्यावं लागतं. बोर्डिंग पास, संदेशाचा स्क्रीनशॉट, टॅक्सीचं बिल, हॉटेलची पावती, बॅग आली नाही तर बेल्टपाशीच भरून घेतलेला अहवाल, एवढं जपून ठेवलं की अर्धं काम झालं. विमानतळातून बाहेर पडल्यावर केलेली बॅगेची तक्रार आणि आत केलेली तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये या साऱ्याची परीक्षा झाली. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला होता. इंडिगोनं त्यासाठी पुरेशी माणसं ठेवली नव्हती, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणं रद्द झाली. सरकारनं भाड्यांवर मर्यादा घातली, पाचशे किलोमीटरपर्यंत ७५००. मोठ्या शहरांत ती उपयोगी पडली, तिथे दुसऱ्या कंपनीचं विमान तरी होतं. इथल्या वेळापत्रकातला मोठा भाग त्या एकाच कंपनीचा. जिथे दुसरं विमानच नाही तिथे त्याचं भाडं किती असावं हे ठरवणं म्हणजे वरातीमागून घोडं. १९५३ पासून चाळीस वर्षं एक दुकान होतं, आता पुन्हा जवळजवळ एकच आहे. फरक इतका की तेव्हा भांडायला समोर खुर्चीत बसलेला स्टेशन मॅनेजर होता.

विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याआधीचे पंधरा दिवस शहरात एक विशिष्ट बेचैनी असते. कोणतं विमान राहिलं, कोणतं गेलं, मुंबईची सकाळची वेळ टिकली का, वर्तमानपत्रांत रोज छोट्या चौकटी येतात. गावाचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण बॅगेच्या टॅगवर अजून आयएक्सयू हीच जुनी अक्षरं छापून येतात. आणि ज्यांना दुसऱ्या दिवशी मुंबईत खरोखर पोचायचंच असतं, खंडपीठातले वकील म्हणा, परीक्षेला निघालेली मुलं म्हणा, ऑपरेशनची तारीख मिळालेलं कुटुंब म्हणा, ते विमानाच्या तिकिटाबरोबर देवगिरीचंही एक तिकीट काढून ठेवतात. सकाळचं विमान जाणार अशी खात्री वाटली की देवगिरीचं रद्द करतात. रेल्वे त्यातले पैसे कापते. ते पैसे इथली माणसं विमानाच्या भाड्यातच धरतात.